वल्ह्यावर नसलेलं नाव

वालीत्सा बेटाच्या धक्क्यावर श्पिरोची खानावळ आहे. तिच्यात शिरलं की डाव्या भिंतीवर एक जुनं वल्हं टांगलेलं दिसतं. त्याच्यावर चाकूनं नावं कोरलेली आहेत. बेपोचं दोनदा आहे. युरेचं तीनदा, आणि तिसऱ्यांदा ते चढलं त्या दिवशी त्याचं लग्न होतं. नवरी चर्चच्या पायरीवर ताटकळली होती आणि नवरदेव समुद्रात होता.

ही नावं कुणा शूरवीरांची नव्हेत. आसपासच्या बेटांवरची इंटरनेटची यंत्रं सांभाळणारी सात-आठ माणसं आहेत. ती घरात किंवा कचेरीत बसतात आणि दूरच्या बेटावरच्या यंत्राशी बोलतात. बोलता बोलता एखादा हुकूम चुकीचा जातो, आणि ज्या वाटेनं बोलणं चाललं होतं तीच वाट बंद होते. ज्या फांदीवर बसलो ती आपल्याच हातानं तोडण्यातला हा प्रकार. मग बोट काढायची, समुद्र ओलांडायचा आणि त्या यंत्रासमोर ओशाळं तोंड करून उभं राहायचं. वादळानं, विजेनं किंवा उंदरानं यंत्र बंद पडलं तर माफ. स्वतःच्या बोटांनी पाडलं आणि त्यापायी बोट काढावी लागली, तर मात्र नाव वल्ह्यावर. संत निकोलाच्या सणाला सगळे जमतात, नावं मोठ्यानं वाचली जातात, आणि त्या वर्षीचा पापी सगळ्यांना कोकरू खाऊ घालतो.

नावं कोरायचं काम बार्बा लोव्रेकडे होतं, कारण त्याचं स्वतःचं नाव वल्ह्यावर नव्हतं. बावीस वर्षांत एकदाही नाही. आणि त्याच्या निवृत्तीला आता एकच दिवस राहिला होता.

वालीत्सात केस पिकलेला प्रत्येक पुरुष बार्बा असतो, पण नुसतं ‘बार्बा’ म्हटलं की तो लोव्रेच. तरुणपणी तो मालवाहू जहाजांवर बिनतारी संदेश पाठवायचा. कट्ट-कडकट्ट करत अर्ध्या जगाशी बोलला. पुढे जहाजांना त्या कट्ट-कडकट्टची गरज उरली नाही, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी लोव्रे घरी येऊन बसला. बायको म्हणाली, घरात बसलास तर मीच जहाजावर जाईन. तेव्हा तो संगणक शिकला, बेटाच्या कचेरीत लागला, आणि दूरच्या यंत्राशी थोडक्यात बोलायचं हे काम त्याला असं मानवलं की विचारू नका.

या बोलण्यासाठी त्याच्याकडे एक प्रोग्राम होता. इतका लहान, की नातवाच्या एका फोटोलाही त्याच्याहून जास्त जागा लागायची. तो बसवावा लागत नसे, नाव-गाव विचारत नसे, चित्रं दाखवत नसे. उघडला की एक काळी खिडकी, तिच्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ, बस्स. यंत्राचा पत्ता द्यायचा, आणि ते समुद्रापलीकडचं यंत्र ‘बोल’ म्हणून समोर हजर. हा प्रोग्राम लोव्रे नखाएवढ्या पेनड्राइव्हवर घालून गळ्यात बाळगायचा. त्याच साखळीत संत निकोलाचं पदक होतं. पाद्री एकदा म्हणाला, “लोव्रे, यातला संत कोणता नि यंत्र कोणतं?” लोव्रे म्हणाला, “जो आधी उत्तर देईल तो संत.” पाद्री त्याच्याशी महिनाभर बोलला नाही.

त्याच्या जागी येणारी मिस्लावा स्प्लिट शहरातून आली होती. वय अठ्ठावीस, हुशार, आणि तोंडानं लोव्रेला पुरून उरणारी. तिच्या संगणकावर रंगीत नकाशे होते, हिरवे-तांबडे ठिपके होते, घंटा वाजायच्या.

“हा शिमगा कशाला गं?” लोव्रे विचारायचा.

“बार्बा, निदान खिडक्यांना तरी वेगवेगळे रंग द्या. तुमच्या चार काळ्या खिडक्या एकावर एक असतात. एकीतलं दुसरीत लिहाल एखाद दिवशी.”

“पोरी, मी अंधारात, बोट डोलत असताना, एका हातात सूपाचा वाडगा धरून संदेश पाठवलेत. मला रंग शिकवू नकोस.”

“सूप सांडलं नाही का कधी?”

“सांडलं. पण चुकीच्या जहाजावर नाही सांडलं.”

त्यानं तिला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे दोरी. समुद्रात बुडी मारणारा कमरेला दोरी बांधतो, तशी. दूरच्या यंत्राला हात लावायच्या आधी त्याला सांगून ठेवायचं: दहा मिनिटांत माझा आवाज आला नाही तर स्वतःहून बंद हो आणि पुन्हा चालू हो. यंत्राला नवं काही सांगितलं आणि ते ‘कायमचं लिहून ठेव’ असं म्हटलं नाही, तर एकदा बंद-चालू झालं की ते सगळं विसरतं आणि होतं तसं होतं. म्हणजे चूक झाली तरी दहा मिनिटं कॉफी पीत बसायचं, वाट आपोआप उघडते. काम नीट झालं तर दोरी सोडायला सांगायचं. लोव्रे ही दोरी इतक्या कसोशीनं बांधायचा की बाकीचे त्याची टर उडवायचे. “बार्बा बायकोला हाक मारतानाही आधी दोरी बांधतो,” बेपो म्हणायचा.

“बांधतो,” लोव्रे म्हणायचा, “म्हणून अजून नांदतोय.”

खरं सांगायचं तर या कसोशीमागे नुसती कारागिरी नव्हती. समोर अर्ध्या तासावर ल्युतात्स नावाचं चिमुकलं बेट आहे. वस्ती आठ माणसांची. तिथलं यंत्र सगळ्यांत उंच घराच्या माळ्यावर आहे, आणि ते घर लोव्रेच्याच आईबापांचं. तिथं त्याची थोरली बहीण दोब्रिला राहते. अकरा वर्षांपूर्वी आई वालीत्साला, लोव्रेकडे आलेली असताना गेली. बोरा वारा सुटला होता, बोटी बंद होत्या. पाद्रीला गुरुवारच मोकळा होता, शुक्रवारपासून त्याला दुसरीकडे जायचं होतं. लोव्रे थांबला नाही. गुरुवारी आईला वालीत्साच्या दफनभूमीत पोचवलं. दोब्रिलाला येता आलं नाही. वारा शनिवारी पडला.

त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं नाही. लोव्रे ल्युतात्सला एकदाही गेला नाही. तिथलं यंत्र त्यानं अकरा वर्षं समुद्राच्या या बाजूनं सांभाळलं, एकदाही पडू दिलं नाही; कारण पडलं असतं तर त्या धक्क्यावर उतरावं लागलं असतं. बावीस वर्षांतली पहिली अकरा हुशारीची होती. पुढची अकरा भीतीची होती. पण वल्ह्यावर न चढणाऱ्या नावाला कुणी कारण विचारत नाही, त्यामुळे सगळी मिळून हुशारीचीच धरली जायची, आणि लोव्रेही ती तशी धरू द्यायचा.

शुक्रवारी सकाळी दहाला दोघांनी पाव, खारवलेली मासळी आणि पाणी घातलेली वाइन घेतली. दुसऱ्या दिवशी श्पिरोकडे निरोपाचं जेवण होतं. सगळी बेटं येणार होती. बेपो भाषण करणार होता. वल्हं खाली उतरवून टेबलावर ठेवायचं आणि बार्बाचं नाव त्यावर नाही हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं, असा बेत ठरला होता. लोव्रेनं नवा शर्टही आणला होता.

एकच बारीकसं काम उरलं होतं. कचेरीतल्या यंत्राचा पत्ता बदलून ते मिस्लावाच्या हवाली करायचं. ते यंत्र खोलीतच, कॉफीच्या भांड्यावरच्या फळीवर होतं, खुर्चीपासून तीन पावलांवर.

“दोरी?” मिस्लावानं विचारलं.

“तीन पावलांसाठी? बिघडलं तर उठून कान पिळीन त्याचा.” लोव्रेनं बाह्या वर केल्या. “बघ. असं थोडक्यात लिहायचं. तुझ्या त्या नकाशावर हेच करायला सतरा ठिकाणी टिचक्या माराव्या लागतात.”

त्यानं दोन बोटांनी नवा पत्ता लिहिला आणि ऐटीत शेवटची कळ दाबली.

खिडकी थिजली. पांढरी रेघ लुकलुकायची थांबली. हे व्हायचंच होतं. पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावरचं बोलणं तुटतं. लोव्रे खुर्ची मागे सारून फळीकडे वळला आणि बघतच राहिला. फळीवरचं यंत्र मजेत लुकलुकत होतं. मिस्लावाच्या संगणकावरचं गाणं एक सूरही न अडखळता चालू होतं.

मग तिच्या नकाशावर कुठंतरी घंटा वाजली. एक ठिपका तांबडा झाला.

“बार्बा,” ती हळूच म्हणाली, “ती खिडकी कुठली होती?”

लोव्रेनं खिडकीच्या माथ्यावरचं नाव वाचलं. सकाळी ल्युतात्सच्या पाण्याचा पंप बघायला त्यानं ती उघडली होती आणि तशीच ठेवली होती. कचेरीची खिडकी तिच्याखाली झाकलेली होती. कचेरीचा नवा पत्ता ल्युतात्सच्या यंत्राला गेला होता, आणि त्याला दोरी बांधलेली नव्हती. मिस्लावानं नुसती खुर्ची जवळ ओढली. रंगांबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि त्यामुळे लोव्रेला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“संध्याकाळी सहाला तिथली टाकी भरायचीय,” तो म्हणाला. “पंप इथूनच चालू होतो.”

“तुमची बोट आहे. अर्धा तास.”

“आणि वल्हं?”

“मग फोन करा. कुणीतरी वायर काढून परत लावायची, एवढंच ना? लिहून ठेव तर म्हटलं नव्हतंत तुम्ही त्याला.”

“नव्हतं.”

“मग झालं तर! नंबर काय?”

नंबर त्याला पाठ होता. लहानपणी घरात फोन आला तेव्हा त्यानंच तो भिंतीवर पेन्सिलनं लिहिला होता आणि आईच्या हातचा मारही खाल्ला होता. पण त्यानं रिसीव्हरला हात लावला नाही. मिस्लावानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि स्वतःच फोन फिरवला. गोड आवाजात सगळं सांगितलं. पलीकडून एवढंच आलं: “मोडलंय कुणी?”

“ते... बार्बा लोव्रेंकडून जरा...”

“ज्यानं मोडलं त्याला दे.”

लोव्रेनं नाक मुठीत धरून फोन घेतला.

“दोब्रिला, मी लोव्रे.”

“कोण लोव्रे?”

“तुझा भाऊ.”

“एक होता मला. बरीच वर्षं पत्ता नाही म्हणून मी मेणबत्तीसुद्धा लावली त्याच्या नावानं.”

“दोब्रिला, माळ्यावर एक राखाडी डबा आहे...”

“अकरा वर्षं माझ्या उशाशी गुणगुणतोय तो. मला सांगतोस कुठं आहे!”

“त्याची वायर भिंतीतून काढायची. दहा आकडे मोजायचे. परत लावायची.”

“हेच का तुझं शास्त्र? माझा कपडे धुवायचा डबा अडकला की मीही हेच करते. मला नाही कुणी पगार देत.”

“जिना सावकाश चढ.”

“आज आठवला होय माझा गुडघा?”

रिसीव्हर आदळल्याचा आवाज आला, मग पायऱ्यांचा. लोव्रे प्रत्येक पायरी मोजत होता. तेरा असतात, सातवी करकरते. सातवी करकरली. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा पायऱ्या.

“काढली,” दोब्रिला म्हणाली.

“आता दहा आकडे मोज.”

“शंभर मोजले.”

“मग लाव.”

“नाही लावत.”

लोव्रेनं मिस्लावाकडे बघितलं. तिनं लगबगीनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

“दोब्रिला, गंमत नको. संध्याकाळी नळाला पाणी येणार नाही.”

“मला पावसाच्या पाण्याचं टाकं आहे.”

“बाकीच्या सातांना?”

“सांगीन की, लोव्रे येतोय, तोवर वाइन प्या. डबा तुझा, वायर तुझी. ये आणि लाव.”

“अगं, मी आलो तर माझं नाव वल्ह्यावर जाईल! बावीस वर्षं...” हे शब्द तोंडातून निघाले आणि लोव्रेला स्वतःलाच ते ऐकवेनात. सदुसष्ट वर्षांचा बाप्या, आणि थोरल्या बहिणीकडे रडतोय कशासाठी, तर लाकडाच्या फळकुटावरच्या नावासाठी.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग दोब्रिला बोलली, आणि तिच्या आवाजातला टोमणा गेला होता.

“आईला दोन दिवस ठेवता आलं नाही तुला. दोनच दिवस, लोव्रे. मी धक्क्यावर उभी होते. वाऱ्यावरून तुमची घंटा ऐकू येत होती मला.”

फोन बंद झाला.

लोव्रेनं रिसीव्हर जागेवर ठेवला. अकरा वर्षं त्यानं स्वतःला सांगितलं होतं की पाद्रीची अडचण होती, वाऱ्याची अडचण होती. घंटा तिकडे ऐकू गेली असेल हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्याला लाज वाटली. शर्टाची, भाषणाची, सगळ्याचीच.

“मी जाऊ का?” मिस्लावानं विचारलं. “बोट मी चालवते. मी गेले तर नियमानं तुमचं नाव...”

“नको पोरी,” तो म्हणाला, आणि टोपी घेऊन बाहेर पडला.

धक्क्यावर श्पिरो उद्यासाठी टेबलं पुसत होता. बेपो एक दिवस आधीच येऊन बसला होता आणि कागदावर भाषण खरडत होता. बार्बा हत्यारांची पिशवी न घेता, तरातरा बोटीकडे जाताना बघून दोघांचेही हात थांबले.

“कुठं रे?” बेपोनं विचारलं.

“ल्युतात्स.”

“उंदीर का?”

ही वाट मोकळी होती. उंदीर म्हटलं असतं तर कुणी मोजायला गेलं नसतं. लोव्रेनं इंजिनावरचं फडकं काढलं.

“उंदीर नाही. मीच.”

बेपोनं आपलं भाषण वरपासून खालपर्यंत बघितलं. “अरे देवा,” तो म्हणाला, “म्हणजे हे सगळं फाडायचं?”

लोव्रेनं एक पाय बोटीत टाकला एवढ्यात मिस्लावा रस्त्यावरून धावत आली. केस विस्कटलेले, हातात फोन.

“बार्बा! थांबा! उत्तर देतंय! ल्युतात्स चालू झालं! त्यांनी लावली वायर! उतरा, उतरा, जायला नको!”

श्पिरोनं टाळी वाजवली. बेपोनं कागद पुन्हा नीट केला. बोट न सुटता यंत्र चालू झालं की नाव चढत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. लोव्रेचा एक पाय अजून धक्क्याच्या दगडावर होता. बावीस वर्षं शाबूत होती, फक्त तो पाय तिथंच ठेवायचा होता. आणि बोटीतला दुसरा वर घ्यायचा.

त्यानं दगडावरचा पाय उचलला आणि बोटीत ठेवला.

“बार्बा, ऐकू आलं नाही का?” मिस्लावा ओरडली. “चालू झालंय!”

“ऐकलं,” लोव्रे म्हणाला. “संध्याकाळी सहाला पंप तू चालू कर. श्पिरो, वल्हं उतरवून ठेव. चाकूला धार लाव. मी आल्यावर स्वतः कोरतो, तुमचं अक्षर घाणेरडं आहे.”

आणि बोट निघाली. बेपो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा होता. “म्हातारा खुळावला,” तो म्हणाला. मिस्लावा म्हणाली, “नाही हो,” आणि कचेरीकडे वळली.

समुद्र शांत होता. अर्ध्या तासात लोव्रेनं मनात पंधरा वाक्यं जुळवली आणि पंधराही खोडली. ल्युतात्सचा धक्का आठवत होता त्याहून लहान होता. त्याच्या टोकावर दोब्रिला उभी होती, तीही आठवत होती त्याहून लहान. तिनं सणावारी घालायचा काळा पोशाख घातला होता. कोपरात पर्स अडकवली होती, आणि हातात अंगणातल्या रोझमेरीची जुडी होती.

“चालू झालं होतं ना?” तिनं वरूनच विचारलं. “फोन ठेवला तशी लावली मी वायर. सात माणसांना तहानेलं ठेवीन का?”

“मिस्लावानं सांगितलं मला. निघायच्या आधीच.”

“मग कशाला आलास?”

“चुकलो मी,” लोव्रे म्हणाला. “थांबायला हवं होतं. दोन दिवस.”

दोब्रिलानं मान वळवून पलीकडच्या किनाऱ्याकडे बघितलं. वालीत्साच्या चर्चचा मनोरा तिथून स्पष्ट दिसतो.

“अकरा वर्षांत मी एकदाही गेले नाही आईकडे,” ती म्हणाली. “लोक म्हणाले, आम्ही नेतो. मी म्हटलं, मला माझा भाऊ नेईल.”

लोव्रेनं दोन्ही हात वर केले. तिनं आधी पर्स दिली, मग जुडी, मग स्वतःचा हात, आणि कुरकुरत बोटीत उतरली.

“आता सावकाश ने,” ती म्हणाली. “मला बोट लागते.”